हॉवर्ड हॉजकिन : चौकटीवर सांडलेला रंग आणि भारताशी अर्धशतकाचे नाते

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भारतीय दरबारी चित्रांचे एक मोठे प्रदर्शन सुरू झाले. मुघल, दख्खनी, राजपूत आणि पहाडी शैलींतील सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंतची १२०हून अधिक चित्रे त्यात होती आणि ती सारी एकाच माणसाने, साठ-पासष्ट वर्षे वेचून जमवलेली होती. हा माणूस इतिहासाचा प्राध्यापक नव्हता, व्यापारी नव्हता, भारतात नोकरी केलेल्या एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा वंशजही नव्हता. सर हॉवर्ड हॉजकिन हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटनचे एक अग्रगण्य चित्रकार होते, आणि त्यांची स्वतःची चित्रे पाहिली तर या संग्रहाशी त्यांचा काही संबंध असेल अशी शंकाही पहिल्या नजरेत येऊ नये. दरबारी चित्रात एकेका पापणीचा केस मोजून घ्यावा इतकी बारीक रेषा असते, तर हॉजकिन यांच्या चित्रात हातभर रुंद फटकारे, ठिपके आणि रंगाचे जाड पट्टे असतात. तरीही त्यांच्या चित्रकलेची जडणघडण समजून घ्यायची तर भारताला वळसा घालून जाता येत नाही.

हॉजकिन यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३२ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, सुशिक्षित आणि नावाजलेले. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगाला ज्यांचे नाव मिळाले ते डॉक्टर टॉमस हॉजकिन याच कुळातले, आणि उत्तर-दृक्प्रत्ययवादाची (पोस्ट-इम्प्रेशनिझमची) ओळख इंग्लंडला करून देणारे समीक्षक रॉजर फ्राय हेही नात्यातले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये आठ वर्षांच्या हॉवर्डला आई आणि बहिणीसह अमेरिकेत पाठवण्यात आले, आणि लाँग आयलंडवरील त्या तीन वर्षांत न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याने मातीस आणि इतर आधुनिकांची चित्रे पाहिली. चित्रकार व्हायचे हे त्याने पाचव्या वर्षीच ठरवले होते असे ते पुढे सांगत. अशा आठवणींवर किती विसंबावे हा प्रश्न असला तरी शाळेशी त्यांचे जमले नाही आणि ते एकाहून अधिक शाळांतून पळाले, हे मात्र खरे.

त्या शाळांपैकी एक म्हणजे ईटन. तेथे विल्फ्रिड ब्लंट हे चित्रकलेचे शिक्षक होते आणि भारतीय चित्रांची पहिली गोडी त्यांनी लावली. महायुद्ध नुकतेच संपलेले, ब्रिटिश सत्ता भारतातून निघण्याच्या बेतात, आणि लंडनच्या बाजारात भारतीय लघुचित्रे फारशा किमतीविना मिळण्याचा तो काळ. वसाहतीच्या कारभारातून इंग्लंडात गेलेले आल्बम तेव्हा वारसदारांच्या पेट्यांतून बाहेर पडत होते. हॉजकिन यांनी किशोरवयातच चित्रे घ्यायला सुरुवात केली. विद्वान ज्या हेतूने संग्रह करतो, म्हणजे प्रत्येक शैलीचा आणि कालखंडाचा एक तरी नमुना आपल्याकडे असावा, तो हेतू त्यांचा कधीच नव्हता. चित्र डोळ्यांना भिडले पाहिजे एवढा एकच निकष होता, आणि पुढे अधिक चांगले चित्र दिसले की आधीचे विकून ते घेण्याची त्यांची तयारी असे. संग्रह मोठा न होता नेमका होत गेला, त्याचे कारण हे.

कलाशिक्षण कॅम्बरवेल येथे आणि नंतर १९५० ते १९५४ या काळात कॉर्शम येथील बाथ अकॅडमी ऑफ आर्टमध्ये झाले. या दोन संस्थांमधील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. कॅम्बरवेलवर विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या पठडीचा ठसा होता. समोरच्या वस्तूचे माप घेत, तुलनेच्या खुणा करत, संयमाने रंगवायचे, ही ती पठडी. कॉर्शम हे मात्र ग्रामीण भागातील एका जुन्या हवेलीत भरणारे, प्रयोगांना वाव देणारे विद्यालय होते आणि विल्यम स्कॉट, पीटर लॅनियन यांच्यासारखे चित्रकार तेथे शिकवत. हॉजकिन यांनी पुढे १९५६ ते १९६६ अशी दहा वर्षे तेथेच अध्यापन केले. पण त्यांची वाट या दोन्हींच्या आधीच सापडली होती असे मानायला आधार आहे. १९४९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी केलेल्या ‘मेमॉयर्स’ या छोट्या चित्रात एक स्त्री सोफ्यावर पहुडली आहे आणि एक पुरुष तिचे ऐकत बसला आहे. खोली, त्यात दोघे, त्यांच्यातले बोलणे आणि या साऱ्याची मागाहून झालेली आठवण, हा विषय त्यांनी पुढे जवळजवळ सत्तर वर्षे सोडला नाही.

त्या काळच्या ब्रिटिश कलाजगतात अशा चित्रकाराला जागा शोधणे सोपे नव्हते. फ्रान्सिस बेकन आणि ल्युशियन फ्रॉइड मानवी देहाला भिडत होते, धाकटी पिढी जाहिराती आणि लोकप्रिय संस्कृतीकडे वळली होती, आणि अमेरिकन अमूर्त चित्रांच्या प्रभावाखाली आणखी काहीजण मोठमोठे कॅनव्हास रंगवत होते. हॉजकिन यांचे पहिले एकल प्रदर्शन १९६२ मध्ये लंडनच्या ‘आर्थर टूथ अँड सन्स’ या दालनात झाले, तेव्हा ते तीस वर्षांचे होते. साठच्या दशकातील त्यांच्या अनेक चित्रांची शीर्षके जोडप्यांच्या नावांची आहेत. अमुक श्री. व सौ. यांच्या घरी घालवलेली एक संध्याकाळ हा विषय असे, पण चित्रात त्या दोघांचे चेहरे शोधले तर हाती लागतात ते दोन-चार वाटोळे आकार, एखादी पट्ट्यांची भिंत आणि ठिपक्यांचा पडदा. त्यांना अमूर्त चित्रकार म्हटलेले त्यांना आवडत नसे. आपण प्रसंगच रंगवतो, मात्र भावनिक प्रसंग, अशी त्यांची भूमिका होती. हे म्हणणे त्या वेळी अनेकांना हट्टाचे वाटले असणार.

१९६४ मध्ये हॉजकिन प्रथम भारतात आले. बरोबर होते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या भारतीय विभागातील रॉबर्ट स्केल्टन, म्हणजे भारतीय लघुचित्रांचे त्या पिढीतील अत्यंत जाणते अभ्यासक. दीड-दोन दशके ज्या देशाची चित्रे कागदावर पाहिली तो देश समोर आला, तेव्हा चित्र आणि देश यांच्यातले नाते त्यांच्यासाठी बदलले. त्यानंतर मृत्यूपर्यंत ते जवळजवळ दरवर्षी येत राहिले. भारतात आलेल्या युरोपीय चित्रकारांची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी देशभर फिरून घाट, देवळे आणि किल्ले रेखाटले आणि इंग्लंडच्या मनात भारताचे एक ठरीव दृश्य निर्माण केले. हॉजकिन यांनी यातले काहीही केले नाही. त्यांच्या चित्रांत घाट नाहीत, साधू नाहीत, हत्तीही नाहीत.

हत्ती नाहीत हे विशेष, कारण संग्रहात हत्तीच हत्ती आहेत. मुघल हत्ती, कोट्याच्या दरबारातील झुंजणारे आणि साखळदंड तोडणारे हत्ती, नुसत्या शाईच्या रेषेने काढलेले हत्ती. त्यांतील एका दख्खनी चित्राकडे मराठी वाचकाने थोडे थांबून पाहावे. १६४५ च्या सुमारास विजापुरात हैदर अली आणि इब्राहीम खान या दोन चित्रकारांनी मिळून काढलेल्या या चित्रात सुलतान मुहम्मद आदिलशाह आणि त्याचा हबशी वजीर इखलास खान एका अलंकृत हत्तीवर स्वार आहेत. गोलघुमट बांधणारा हाच तो आदिलशाह, आणि शहाजीराजे भोसले १६३६ नंतर ज्याच्या चाकरीत होते तोही हाच. इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याला परिचित असलेला हा दरबार दिसायला कसा होता, त्यातले रंग कोणते, याचे एक उत्तम साक्षीचित्र इंग्लंडातील एका चित्रकाराच्या घरी होते. संग्रहातील दुसरे महत्त्वाचे चित्र अकबराच्या ‘हमजानामा’तले आहे. सुमारे १४०० मोठ्या चित्रांच्या या अवाढव्य उपक्रमातील चित्रे कापडावर रंगवलेली होती आणि त्यांपैकी थोडीच आज शिल्लक आहेत. हॉजकिन यांच्याकडच्या पानावर मेहरदुख्त ही नायिका धनुष्य ताणून उभी आहे.

या चित्रांनी हॉजकिन यांना काय दिले? ते स्वतः या प्रश्नाला फारसे उत्सुक नसत. संग्रह आणि स्वतःचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असाच त्यांचा सूर असे. चित्रकाराने स्वतःविषयी सांगितलेले ऐकून घ्यावे, पण तेच अंतिम मानावे असे नाही. लघुचित्रे आणि त्यांची स्वतःची चित्रे शेजारी ठेवली तर तीन गोष्टी तरी दिसतात, आणि त्यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची आहे.

ती म्हणजे हाशिया. भारतीय लघुचित्राभोवतीची किनार, कधी नुसती लाल पट्टी, कधी सोनेरी वेलबुट्टी, कधी रंगीत रेघांचे थर, ही चित्राचा भाग असते. पहाडी आणि राजस्थानी चित्रांत तर झाडाचा शेंडा, हत्तीची सोंड किंवा छत्रीचा कळस ती किनार ओलांडून बाहेर येतो आणि पाहणाऱ्याला जाणवते की ही मर्यादा चित्रकाराने आखली आहे आणि मोडलीही त्यानेच आहे. युरोपीय चौकटीचे काम वेगळे होते. ती सुताराकडून यायची आणि चित्र संपल्यावर बसवली जायची. हॉजकिन यांनी सत्तरच्या दशकापासून कॅनव्हास जवळजवळ सोडून दिला आणि ते लाकडी फळ्यांवर, जुन्या टेबलांच्या पृष्ठभागांवर आणि जुन्या बाजारात मिळालेल्या चौकटींवर रंगवू लागले. रंग फळीवरून चौकटीवर गेला, चौकटीवरून तिच्या कडेवर उतरला. कधी त्यांनी चित्राच्या आत आणखी एक चौकट रंगवली, तीतून आत डोकावावे तसे दृश्य खोल गेले. जितकी भावना नाजूक तितकी चौकट जाड हवी, कारण तिला बाहेरच्या जगापासून जपायचे असते, असा त्यांचा विचार होता. लघुचित्र जसे हातात धरून, जवळ घेऊन पाहायचे असते, तशीच ही चित्रेही आकाराने पुष्कळदा लहान, जड आणि वस्तूसारखी आहेत.

दुसरी गोष्ट अवकाशाची. दरबारी चित्रकार एकाच पानावर अंगण, गच्ची, आतली खोली आणि मागची बाग एकमेकांवर रचून दाखवतो. प्रत्येक खणाचा रंग वेगळा, सावली कुठेच नाही, आणि लांबचे लहान, जवळचे मोठे हा नियम त्याच्यावर बंधनकारक नाही. ‘द टेरेस, दिल्ली’ किंवा ‘मिसेस अ‍ॅक्टन इन दिल्ली’ (दोन्ही १९६७–७१) यांसारख्या चित्रांत हॉजकिन यांची रचना याच खणांच्या हिशेबाने चालते. तिसरी गोष्ट रंगाची, आणि येथे सावधपणे बोलले पाहिजे, कारण शुद्ध आणि सपाट रंगाचा धडा त्यांना मातीस, बोनार आणि व्हुयार या फ्रेंच चित्रकारांकडूनही मिळालेला होता, आणि मातीसने तो अंशतः पौर्वात्य कलेकडूनच घेतला होता. कोणता पिवळा कुठून आला हे ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. एवढे मात्र म्हणता येईल की रंग हा वस्तूचा गुण नसून प्रसंगाचा भाव असू शकतो, ही रागमाला चित्रांची, म्हणजे संगीतातल्या रागांचे भाव दाखवणाऱ्या लघुचित्रांची, रीत त्यांना परकी वाटली नाही.

या संक्रमणाचा एक स्पष्ट टप्पा म्हणजे १९७१ चा ‘इंडियन व्ह्यूज’ हा बारा छापचित्रांचा संच. भारतातील रेल्वेप्रवासात डब्याच्या खिडकीतून दिसणारे देखावे हा त्याचा विषय. प्रत्येक चित्रात एक जाड रंगीत चौकट आणि तिच्या आत आडवे पट्टे: जमीन, आकाश, मध्ये कधी पाण्याची किंवा टेकडीची रेघ. जुन्या डब्यांच्या खिडक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही चौकट ओळखायला वेळ लागत नाही. देखावा क्षणभर दिसतो आणि जातो, आणि खिडकी तेवढी कायम राहते.

आठवणीतून रंगवण्याच्या पद्धतीमुळे त्यांचे काम अतिशय संथ चाले. बहुतेक चित्रांच्या पुढे दोन साले दिसतात त्याचे कारण हेच. ब्रिटिश म्युझियमजवळच्या, पूर्वी दुग्धालय असलेल्या त्यांच्या पांढऱ्या चित्रशाळेत अपुरी चित्रे मोठ्या पांढऱ्या पडद्याफळ्यांआड झाकलेली असत आणि एका वेळी एकच उघडे केले जाई. महिनोन्‌महिने नुसते पाहायचे आणि मग एखाद्या दिवशी एक फटकारा मारायचा. जो फटकारा सहज आणि क्षणात मारल्यासारखा वाटतो त्यामागे तीन-चार वर्षे गेलेली असत. ‘बॉम्बे सनसेट’ (१९७२–७३), ‘इन द स्टुडिओ ऑफ जामिनी रॉय’ (१९७६–७९) अशी भारतविषयक चित्रे लंडनमध्ये, भारतापासून दूर, अशीच पूर्ण झाली. ‘फॉय निस्सेन्स बॉम्बे’ (१९७५–७७) हे त्यांतले मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवावे असे चित्र. फॉय निस्सेन हे ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे, शहराच्या इतिहासाचे आणि इमारतींचे जाणकार आणि कसलेले छायाचित्रकार. शीर्षकात शहर आहे, पण ते एका मित्राच्या मालकीचे केलेले शहर आहे. प्रवासवर्णन आणि मैत्री यांत हॉजकिन नेहमी मैत्री निवडत.

मैत्रीचा विषय निघाला की भूपेन खख्खर यांच्याकडे यावेच लागते, आणि प्रभाव या शब्दाचा खरा कस येथे लागतो. खख्खर यांचा जन्म १९३४ चा, मुंबईतला. शिक्षणाने ते सनदी लेखापाल. १९६२ मध्ये ते बडोद्याला गेले, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला विभागात कलासमीक्षेचा अभ्यासक्रम केला आणि एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहीत चित्रे काढू लागले. बाजारातील देवदेवतांची छापील चित्रे, कॅलेंडरे, कंपनी शैलीतील (ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी भारतीयांनी काढलेली) चित्रे आणि फ्रेंच चित्रकार आंरी रूसो यांच्या मिश्रणातून त्यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी न्हावी, शिंपी, घड्याळदुरुस्तीवाला अशा सामान्य व्यावसायिकांची चित्रे रंगवली. शहरातल्या छोट्या दुकानदाराला इतक्या थेट आणि इतक्या आत्मीयतेने भारतीय आधुनिक चित्रकलेत त्याआधी क्वचितच कोणी आणले असेल.

हॉजकिन आणि खख्खर यांची ओळख सत्तरच्या दशकाच्या मध्यास झाली आणि ‘फ्रॉम द हाउस ऑफ भूपेन खख्खर’ (१९७५–७६) हे चित्र त्या ओळखीचे पहिले फळ. दोघांच्या चित्रांत दिसायला काहीही साम्य नाही. खख्खर माणसे काढतात, त्यांच्या मिशा, त्यांच्या चपला, मागचे दुकान, दुकानाची पाटी. हॉजकिन यातले सगळे वगळतात. पण दोघेही भारतीय लघुचित्रांचे भक्त, दोघेही घर, मित्र आणि देहसुख यांचे चित्रकार, आणि दोघेही त्या काळात स्वतःच्या समलैंगिकतेशी आपापल्या मार्गाने समझोता करत होते. १९७९ मध्ये खख्खर इंग्लंडला गेले, हॉजकिन यांच्याकडे राहिले आणि कॉर्शमच्या त्याच बाथ अकॅडमीत त्यांनी शिकवले. तेथे त्यांनी समलिंगी माणसांना उघडपणे एकत्र राहताना पाहिले. भारतात परतल्यावर १९८१ मध्ये त्यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ रंगवले: सज्जात पाठमोरा उभा असलेला एक नग्न माणूस खालच्या रस्त्यावरची बाप, मुलगा आणि गाढव यांची जुनी गोष्ट पाहतो आहे. कोणी काहीही केले तरी लोक नावे ठेवणारच, हे त्या गोष्टीचे तात्पर्य भारतीय पोराटोरांना ठाऊक असते. ते चित्र खख्खर यांच्या स्वतःविषयीच्या जाहीर कबुलीचे मानले जाते, आणि १९९६ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने ते विकत घेतले.

या बदलाचे श्रेय हॉजकिन यांना देणे अन्यायाचे होईल. खख्खर यांचे धैर्य खख्खर यांचेच होते, आणि त्यांच्यावर बडोद्यातील मित्रमंडळाचे, गुजराती साहित्याचे आणि गांधीविचाराचेही संस्कार होते. पण चित्रकाराचा चित्रकारावरचा प्रभाव अनेकदा शैलीतून जात नाही, तर राहण्याच्या रीतीतून जातो, आणि येथे तो तसा गेला असे मला वाटते. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. खख्खर यांचे ‘डी-लक्स टेलर्स’ (१९७२) हे चित्र हॉजकिन यांच्या संग्रहात अखेरपर्यंत होते. मृत्यूनंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात त्याला सुमारे ११ लाख पौंड मिळाले, तेव्हा खख्खर यांच्या चित्राला मिळालेली ती विक्रमी किंमत होती. त्याआधी १९८२ मध्ये, ब्रिटनमधील भारत महोत्सवाच्या निमित्ताने टेटमध्ये ‘सिक्स इंडियन पेंटर्स’ हे प्रदर्शन भरले. रवींद्रनाथ ठाकूर, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, हुसेन, के. जी. सुब्रमण्यन आणि खख्खर असे ते सहा. त्याच्या आखणीत कलासमीक्षक गीता कपूर यांच्याबरोबर हॉजकिन यांचाही हात होता. आधुनिक भारतीय चित्रकलेला ब्रिटिश संग्रहालये तेव्हा क्वचितच दार उघडत असत, हे लक्षात घेतले तर या प्रदर्शनाचे वजन कळते.

१९७८ मध्ये हॉजकिन अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाचे पाहुणे होते. तेथे त्यांनी कापडाला वापरतात ते रंग ओल्या हातकागदावर लावून एक मालिका केली. ओला कागद रंग शोषून घेतो, फटकारा कडांशी फुटतो, आणि चूक पुसता येत नाही. एकेका चित्रावर वर्षे घालवणाऱ्या माणसाने येथे झरझर काम केले. ‘इंडियन लीव्ह्ज’ या नावाने ही चित्रे १९८२ मध्ये टेटमध्ये दाखवली गेली.

युरोप-अमेरिकेतील कीर्ती त्यानंतर वेगाने आली. १९८४ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनचे प्रतिनिधित्व, १९८५ चे टर्नर पारितोषिक हा ब्रिटनमधील कलेचा मोठा सन्मान, १९९२ मध्ये सर ही पदवी. टेट आणि नॅशनल गॅलरी या दोन्ही संस्थांचे ते विश्वस्तही राहिले.

त्यांचे आकाराने सर्वांत मोठे काम मात्र भारतात आहे, आणि ते पाहायला तिकीट लागत नाही. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिलची नवी इमारत उभी राहिली ती १९९२ मध्ये. वास्तुशिल्पी होते मूळ गोवेकर कुटुंबातले आणि मुंबईत काम करणारे चार्ल्स कोरिया. भारताने पचवलेल्या निरनिराळ्या विश्वकल्पना एका अक्षावर मांडायच्या, ही कोरिया यांची कल्पना. मागच्या टोकाला हिंदू विश्वाचे केंद्र आणि तेथे स्टीफन कॉक्स या ब्रिटिश शिल्पकाराचे काम, मध्ये चार भागांत विभागलेली इस्लामी बाग, म्हणजे चारबाग, पुढे युरोपीय प्रबोधनाचे चिन्ह. दर्शनी भिंत हॉजकिन यांना देण्यात आली. हॉजकिन रंगांचे चित्रकार, आणि कोणालाही वाटले असते की ते येथे लाल-केशरी रंगांची उधळण करतील. त्यांनी फक्त दोन रंग घेतले, काळा कडप्पा आणि पांढरा मकराना संगमरवर, आणि त्यांतून एका अजस्र वडाची सावली साऱ्या दर्शनी भागावर पसरवली. दिल्लीच्या उन्हात खऱ्या झाडांच्या सावल्या या दगडी सावलीवर पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. महाराष्ट्रात स्वयंपाकघराच्या ओट्याला आणि जिन्याच्या पायरीला वापरला जाणारा कडप्पा एका आंतरराष्ट्रीय चित्रकाराच्या प्रमुख कामाचे माध्यम व्हावा, याची मला गंमत वाटते. त्या इमारतीपुढून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे कोणाचे काम आहे हे ठाऊक असावे.

हॉजकिन यांच्यामागे शिष्यांची मोठी रांग नाही. ब्रिटिश चित्रकलेत ‘हॉजकिन पंथ’ असे काही निर्माण झाले नाही, आणि त्यांच्या फटकाऱ्यांची नक्कल करणारे फसले, कारण फटकारा उचलता येतो, त्यामागची चार वर्षांची आठवण उचलता येत नाही. नव्वदच्या दशकात लंडनच्या तरुण कलाकारांनी रंग-कुंचल्यालाच रजा दिली तेव्हा त्यांचे काम काहींना बैठकीच्या खोलीतील श्रीमंती करमणूक वाटले. या टीकेत तथ्य अजिबात नाही असे नाही. त्यांच्या चित्रांत भारत येतो तो मित्रांच्या घरांतून, गच्च्यांतून, सूर्यास्तांतून आणि पावसांतून येतो. आणीबाणीच्या आसपास, १९७५ ते १९७७ या काळात रंगवलेल्या मुंबईत आणीबाणीचा मागमूस नाही. पण ज्याने डॅनियल काका-पुतण्यांचा भारत नाकारला त्याने राजकीय भारताविषयी बोलण्याचा अधिकारही स्वतःकडे घेतला नाही, असा याचा दुसरा अर्थ लावता येतो आणि मला तो अधिक न्याय्य वाटतो.

अखेरच्या वर्षांत चाकाची खुर्ची आली, तरी हिवाळ्यात मुंबईला येणे थांबले नाही. २०१७ च्या आरंभीही ते मुंबईत होते, आणि भारतात पूर्ण केलेली त्यांची शेवटची सहा चित्रे पुढच्या वर्षी लंडनमध्ये दाखवली गेली. ९ मार्च २०१७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये यॉर्कशरमधील हेपवर्थ वेकफील्ड संग्रहालयात केवळ भारताशी निगडित चित्रांचे ‘पेंटिंग इंडिया’ हे प्रदर्शन सुरू झाले. त्याची तयारी त्यांच्या हयातीतच झाली होती.

मागे राहिला तो संग्रह. २०१२ मध्ये तो ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात दाखवला गेला होता आणि तो ब्रिटनमध्येच राहील अशी अनेकांची समजूत होती. तसे झाले नाही. काही चित्रांच्या पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे पुरेशी नाहीत हा मुद्दा पुढे आला. पुरावस्तू व कलाकृतींबाबतचा भारताचा १९७२ चा कायदा १९७६ मध्ये अमलात आला आणि अशा जुन्या चित्रांच्या निर्यातीवरचे निर्बंध आणखी कडक झाले, त्यामुळे एखादे चित्र भारताबाहेर नेमके केव्हा गेले हा प्रश्न आज कोणत्याही संग्रहालयाला टाळता येत नाही. हॉजकिन ज्या दशकांत चित्रे घेत होते तेव्हा लिलावगृहांत आणि दुकानांत असा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. हे समर्थन नव्हे, बाजाराची तेव्हाची रीत आहे, आणि तिचा हिशेब आताच्या पिढीला करावा लागतो. २०२२ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने संग्रहातील ८४ चित्रे मिळवली आणि उरलेली काही उसनी घेऊन २०२४ चे प्रदर्शन मांडले. हॉजकिन यांचे स्वतःचे एक चित्रही त्यात टांगलेले होते.